शनिवारची पिशवी

निवृत्त मास्तरला लेख मागितला की तो जन्मगावापासून सुरुवात करतो आणि निरोपसमारंभाच्या शालीपर्यंत वाचकाला चालवत नेतो. मी तसं करणार नाही. माझं गाव जबलपूर, वडील रांझीला कारखान्यात, मी शाळेत इंग्रजीचा मास्तर आणि निवृत्तीनंतर ओमतीजवळ एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर, मोठ्या माणसांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग. एवढं पुरे. शालीही दोन मिळाल्या, त्यातली एक कसरीनं खाल्ली.

आमच्या भागात इंग्रजी शिकवणाऱ्या संस्था पुष्कळ. त्यांच्या फलकांवर सुटाबुटातली माणसं हात बांधून उभी असतात आणि तीस दिवसांत व्यक्तिमत्त्व बदलून देतात. माझ्या वर्गाला फलक होता, पण तो जिन्याच्या अंधारात लावलेला, कारण उजेडातली जागा पूर्वी तिथे असलेल्या नेत्रतज्ज्ञांच्या फलकानं अडवली होती. डॉक्टर कधीच दुसऱ्या मोहल्ल्यात गेले होते, फलक तेवढा राहिला होता. माझ्याकडे लोक ऐकीव माहितीवर यायचे. एकदा एक नगरसेवक आले. म्हणाले, "मास्साब, हमको ऐसी अंग्रेजी सिखाओ कि सामनेवाले को समझ में न आए." मी म्हटलं, ती तुम्हाला येतेच. ते बराच वेळ हसले आणि परत आले नाहीत.

वर्गात सगळ्यात रंगायचा तो अंदाजाचा धडा. बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगतो. शेजारच्या दाराला कुलूप दिसलं की आपण म्हणतो, गावाला गेले असणार. किंवा, गेले असतील. किंवा, गेले असणं शक्य नाही, काल तर दूध घेतलं. कोणी सांगितलेलं नसतं, आपण खुणांवरून ठरवतो. इंग्रजीत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत. पुरावा हातात असेल तर मस्ट, अर्धामुर्धा असेल तर माइट, आणि मुळीच शक्य नसेल तर कान्ट. जबलपूरच्या माणसाला हे अवघड जातं, कारण इथे 'होगा' या एका शब्दावर सगळं शहर चालतं. बस आती होगी. साहब खाना खा रहे होंगे. पक्की खात्री असो वा निव्वळ आशा, शब्द तोच.

या धड्यासाठी मी एक पद्धत बसवली होती. दर शनिवारी कोणीतरी एकानं आपल्या ओळखीच्या माणसाची पिशवी, तिच्या मालकाला विचारून, जशीच्या तशी आणायची आणि वर्ग भरण्याआधी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून द्यायची. कोणी आणली, कोणाची आहे, हे बोलायचं नाही. आम्ही एकेक वस्तू बाहेर काढायची आणि मालक कोण असेल ते इंग्रजीत ठरवायचं. तास संपताना आणणाऱ्यानं उभं राहून खरं काय ते सांगायचं. तोवर तो सुद्धा इतरांसारखाच अंदाज करत बसायचा, काही वेळा मुद्दाम खोटे. लोकांना हे इतकं आवडायचं की शनिवारी कोणी गैरहजर राहत नसे. एका पिशवीवरून आम्ही एका सज्जन बँक कर्मचाऱ्याला न्हावी ठरवलं होतं. त्याच्या पिशवीत तीन कंगवे निघाले. का, ते पिशवी आणणाऱ्या त्याच्या पुतण्यालाही माहीत नव्हतं.

त्या वर्षी वर्गात बारा-तेरा जण होते. तिघांची ओळख करून द्यायला हवी.

पहिले तिवारीजी, पोलिस खात्यातून निवृत्त झालेले दरोगा. इंग्रजी शिकायचं कारण विचारलं तर म्हणाले, नातू इंग्रजीत काहीतरी पुटपुटतो, मला कळलं पाहिजे तो काय म्हणतो. तिवारीजींना माइट हा शब्द तोंडातून काढता येत नसे. प्रत्येक वेळी मस्ट. मी म्हणायचो, तिवारीजी, इथे पुरावा नाही, माइट म्हणा. ते म्हणायचे, "मास्साब, चालीस साल नौकरी की है. हमने कभी साहब के सामने 'शायद' नहीं कहा."

दुसऱ्या मंगलाताई. मुलगी कॅनडात, तिच्याकडे सहा महिने जाऊन राहायचं होतं. बसल्या जागी दुसऱ्याच्या संसाराचा अंदाज बांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, फक्त तो मराठीत असायचा. मी भाषांतर करायला लावलं की त्या तोंड वाकडं करायच्या.

तिसरी प्रणिता मेश्राम, आम्ही सगळे तिला सिस्टर म्हणायचो. एका खासगी रुग्णालयात परिचारिका. परदेशात नोकरीसाठी तिला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती आणि ती एकदा थोडक्यात हुकली होती. कमी बोलायची. बोलताना माझ्याकडे अशी बघायची की वाक्य चुकलं तर मी काहीतरी फेकून मारीन. मी तसा मास्तर नव्हतो, पण शाळेतल्या बत्तीस वर्षांनी चेहऱ्यावर जे बसतं ते उतरत नाही.

जानेवारीतला शनिवार होता. मी बाराला पाच कमी असताना वर्गात शिरलो, तेव्हा बरेच जण आले होते आणि टेबलावर खाकी कापडाची पिशवी होती. शिवण पक्की, बंद काळे पडलेले. मला बरं वाटलं. आधीच्या शनिवारी कोणीतरी लॅपटॉपची कोरी बॅग आणली होती आणि अंदाज करायला त्यात काही नव्हतं.

आम्ही सुरुवात केली. जवळच्या पाटन गावाहून आलेल्या बसचं त्याच सकाळचं तिकीट. म्हणजे मालक पाटनचा असणार किंवा पाटनला जाऊन आला असणार. एक किल्ली, काळ्या दोऱ्यात ओवलेली. शर्टाच्या खिशाला लावतात तसली पिन. लोकरीचा गुंडा, दोन सुया, आणि त्यावर अर्धवट विणलेला लहान मुलाचा मोजा. त्याचा जोडीदार पूर्ण झालेला, घडी करून ठेवलेला.

मोजा दिसताच मंगलाताई उठूनच उभ्या राहिल्या. "बाई आहे. आजी आहे ही. नात झाली असणार नुकतीच."

"इंग्रजीत, मंगलाताई."

"शी मस्ट बी अ ग्रँडमदर," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच एकही चूक न करता म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी फळ्यावर ते लिहिलं. त्या क्षणापासून पिशवीची मालकीण आजी झाली, आणि कोणाला शंका राहिली नाही.

तिवारीजींनी पिशवी चोरीची असणार असं सांगितलं. ते दर शनिवारी तसंच सांगत.

मग स्टीलचा डबा निघाला. चार पोळ्या, वाटाण्याची भाजी, गुळाचा खडा. डबा गच्च भरलेला. आणि डब्याखाली एक छोटा थर्मास. त्यात बर्फाचं पाणी आणि एक काचेची बाटली. शेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली बारीक सुईची सिरिंज. कोणी म्हणालं, गुरांचा डॉक्टर. कोणी म्हणालं, आजी गुरांच्या डॉक्टरची बायको. मी मजेत होतो. तेवढ्यात सिस्टरनं हात वर केला.

तिनं बाटली उजेडात धरली, वापरलेली सिरिंज बघितली, भरलेला डबा बघितला. मग हळू आणि स्पष्ट बोलली. शी मस्ट बी डायबेटिक. शी मस्ट हॅव टेकन हर इन्सुलिन. शी कान्ट हॅव ईटन. म्हणजे, या बाईला मधुमेह असणार, तिनं इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलेलं असणार, आणि ती जेवली असणं शक्य नाही.

भूतकाळातला अंदाज हा या धड्यातला सगळ्यात अवघड भाग. चांगले चांगले तिथे अडखळतात. हिनं एकापाठोपाठ एक, निर्दोष. मी तीनही वाक्यं फळ्यावर लिहिली, दोनदा अधोरेखित केली, आणि वर्गाकडून ती मोठ्यानं म्हणवून घेतली. बारा माणसं एका सुरात म्हणत होती की ती जेवली असणं शक्य नाही. सिस्टरचा चेहरा खुलला होता. मी पुढच्या वस्तूकडे वळलो.

पाऊण वाजत आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हटलं, चला, आता आणणाऱ्यानं उभं राहावं.

कोणी उठलं नाही.

आधी हसणं झालं. कोणीतरी ताणून धरतंय असं वाटलं. मंगलाताई म्हणाल्या, "सर, आता सांगा न. तुमचीच आयडिया दिसते."

"माझी नाही. मला वाटलं तुम्ही आणली."

"मी काहून आणू? माझी पाळी पुढच्या शनिवारी आहे."

सिस्टर म्हणाली, "सर, मला वाटलं तुम्ही माझ्या परीक्षेसाठी मुद्दाम सजवून ठेवलं. सिरिंज, डबा, सगळं."

तिवारीजी उठले, टेबलापाशी आले आणि खिशात हात घालून त्यांनी तो प्रश्न विचारला जो बाराला पाच कमी असताना विचारायला हवा होता. "ये थैली सबसे पहले किसने देखी?"

सगळ्यात आधी आलेल्या मुलीनं सांगितलं की ती पावणेबाराला आली तेव्हा पिशवी टेबलावर होतीच, खोली उघडी होती, आत कोणी नव्हतं.

मी फळ्याकडे बघितलं. माझ्याच अक्षरात, दोन रेघांवर उभं राहून, ते वाक्य तिथे होतं. पाटनची कोणी म्हातारी इथे येऊन इंजेक्शन घेऊन उपाशी कुठेतरी गेली होती, आणि आम्ही तिचा डबा समोर ठेवून पाऊण तास अभ्यास केला होता.

सिस्टरचा आवाज बदललेला होता. इंग्रजी गेलं, माझ्याकडे बघणंही गेलं. "सर, सुई घेतली की अर्ध्या तासात जेवावं लागते. नाही जेवलं तर शुगर खाली जाते. चक्कर येते, माणूस बरळते, पडते. उठा सगळे."

आम्ही विभागलो. तिवारीजी खाली रस्त्यावर गेले आणि दुकानदुकानात विचारू लागले, "कोई बुजुर्ग अम्मा? पाटन वाली?" वीस वर्षांनी लहान दिसत होते. मी मजल्यावरची बंद दारं ठोठावली. मंगलाताई गच्चीचा जिना चढून गेल्या आणि दम लागून खाली आल्या. वर कोणी नाही. खाली कोणाला कोणी म्हातारी दिसलेली नाही. तिवारीजी परत वर येऊन म्हणाले, बस स्टँडकडे माणूस पाठवू. आम्ही सगळे जिना उतरायला निघालोच होतो.

सिस्टर थांबली. "काकू, वर कोणीच नाही का?"

"अगं नाही. एक बाबा बसलेत फक्त, गच्चीच्या पायऱ्यांवर. त्यांना विचारलं मी, इधर कोई अम्मा आई थीं क्या. नाही म्हणाले."

"कसे आहेत ते?"

"कसे म्हणजे? बसलेत भिंतीला टेकून. पसीना येऊन राहिला होता बिचाऱ्यांना."

"जानेवारीत?" सिस्टर म्हणाली, आणि एका वेळी दोन पायऱ्या चढत निघून गेली.

मी पोचलो तेव्हा तिनं त्यांचं मनगट धरलं होतं. सत्तरीचे, काटक गृहस्थ, गळ्याला मफलर, कपाळावर घामाचे थेंब. डोळे उघडे होते, पण बोलणं जिभेवरच विरघळत होतं. हात थरथरत होते. सिस्टरनं मला न बघताच सांगितलं, "सर, खालून चहावाल्याकडून साखर. चार चमचे, पाण्यात. धावा." मी सहासष्ट वर्षांचा होतो. धावलो. चहावाल्यानं पैसे विचारले नाहीत, ग्लास धुतलाही नाही.

तिनं घोटघोट पाजलं. त्यांची मान कलली की ती हनुवटी वर धरायची आणि म्हणायची, "बाबा, गिळा. अजून एक." आम्ही तिघं पायऱ्यांवर उभे होतो. त्या दहा मिनिटांत कोणी कोणाकडे बघितलं नाही. तिवारीजी तोंडातल्या तोंडात हनुमानाचं काहीतरी म्हणत होते. मी फक्त एवढाच विचार करत होतो की हा माणूस इथे मेला तर आम्ही त्याचं दुखणं बरोबर ओळखलेलं असताना मेला.

मग त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि सिस्टरला विचारलं, "तू कोणाची व, बाई?"

मंगलाताई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मी कठडा धरून उभा राहिलो. इतकं हलकं वाटलं की लाज वाटली.

आम्ही त्यांना वर्गात आणलं आणि त्यांचाच डबा त्यांच्या पुढे ठेवला. त्यांचं नाव दामोदर काळे. पाटनच्या मंडीत चौकीदार होते, घराणं तीन पिढ्यांपासून तिथलंच, घरी मराठी. डोळे दाखवायला आले होते, नेत्रतज्ज्ञांचा जुना फलक बघून वर चढले. खोली उघडी, खिडकीशी उजेड. सिरिंजवरच्या रेघा दिसायला उजेड लागतो, म्हणून टेबलापाशी सुई घेतली, पिशवी तिथेच ठेवली आणि जेवायच्या आधी हात धुवायला गच्चीवरच्या नळावर गेले. आमच्या मजल्यावरचा नळ तेव्हाही बंद होता. वरच्या नळाला पाणी यायची वाट बघावी लागली आणि अंधुक दिसत असल्यानं जिना उतरायलाही वेळ लागला.

"मग परत का नाही आलात, काका?" सिस्टरनं विचारलं.

"आलो होतो न. दारात उभा होतो. हे साहेब..." त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि आपला पंजा वर धरून दाखवला. "असं केलं. थांबा म्हणून. मी थांबलो."

मला आठवलं. चौकशीला लोक मधेच दारात येतात, तेव्हा मी मागे न बघता पंजा दाखवतो. सवयीचा हात. त्या दिवशीही दाखवला होता, बहुतेक सिस्टरचं तिसरं वाक्य फळ्यावर लिहिताना.

"आवाज द्यायचा न," मंगलाताई म्हणाल्या.

"सगळं अंग्रेजीत चाललं होतं. माझी पिशवी उघडी, चांगले कपडेवाले लोक एकेक चीज काढून बघून राहिले. वाटलं, काही तपासणी आहे सरकारी. मधात आपण काहून बोलावं? बसलो पायऱ्यांवर. मग ते डोकं फिरायला लागलं."

"आणि मी विचारलं तेव्हा?"

"तुम्ही विचारलं, अम्मा दिसली का. अम्मा नव्हती दिसली."

तिवारीजींनी मोजा उचलला. "और ये किसका है, दादा?"

"मीच विणतो. मंडीत बसल्या बसल्या करायचं काय? एका पहाडी ट्रकवाल्यानं शिकवलं. नातू झाला आहे मोठ्या मुलाला. आता टाके सुटतात, दिसत नाहीत, म्हणून तर डॉक्टरकडे आलो."

मंगलाताईंनी फळ्यावरची आजी स्वतःच्या हातानं पुसली.

फोन केल्यावर तासाभरात त्यांचा मुलगा मोटरसायकलवर आला. तो बापाला रागावत होता, आम्हाला हात जोडत होता आणि मधेच पुन्हा बापाला रागावत होता. आमच्याकडून घडलेलं मी त्याला सगळं सांगितलं, पंजासकट. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चलो, बच गए न," आणि विषय संपवला. मला त्यानं थोडं तरी बोलावं असं वाटत होतं. तिवारीजी त्यांच्याबरोबर खरे नेत्रतज्ज्ञ दाखवायला गेले, वाटेत लोकांना बाजूला करत.

वर्ग रिकामा झाल्यावर सिस्टर टेबलावर सांडलेला गूळ पुसत होती. मी तिला म्हटलं, तू सव्वाबारालाच सांगितलं होतंस.

"हो सर. पण मला पण नाही समजलं. मी वाक्य करून राहिली होती."

"मी तरी ऐकायला हवं होतं."

तिनं फडकं खिडकीबाहेर झटकलं. मग म्हणाली, "तुम्ही माझी चूक शोधून राहिले होते, सर. चूक नव्हती, तर तुम्ही पुढे गेले." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रुग्णाचा ताप किती आहे ते सांगावं तसं सांगितलं. ती दुसऱ्या प्रयत्नात परीक्षा पास झाली आणि सध्या समुद्राच्या पलीकडे कुठल्याशा थंड गावात काम करते. तिथले लोक तिचं इंग्रजी समजून घेतात असं तिनं कळवलंय.

वर्ग मी अजून आठवड्यातून दोनदा घेतो. पिशवीचा खेळ चालू आहे, फक्त पिशवी आता मीच आणतो आणि दार पूर्ण उघडं ठेवतो. आणखी एक फरक पडला आहे. कोणी अगदी बिनचूक वाक्य बोललं की मी लगेच शाबास म्हणत नाही. "काय म्हणालात?" असं पुन्हा विचारतो. मग ते पुन्हा सांगतात आणि मी शब्द सोडून फक्त काय सांगितलं ते ऐकतो. यात वेळ जातो, शिकणारे कंटाळतात. परवा मागच्या बाकावर एकीनं दुसरीला इंग्रजीत हळूच सांगितलं की सरांना ऐकू कमी येत असणार. वाक्य बरोबर होतं आणि पुरावाही तिच्याकडे भरपूर होता. मी तिला दुरुस्त केलं नाही.